पेपरातलं मूल

दाक्षायणी बाईंनी पुन्हा बरोबरची खूण केली आणि शिवानीने कपाळाला हात लावला.

"बाई, खूण नाही करायची. गोळा पूर्ण काळा करायचा. पेपर मशीन तपासतंय, माणूस नाही."

"अगं, हाताला सवय लागलीय की. आख्खा जन्म गेला पोरांच्या वह्यांवर खुणा करण्यात." बाईंनी खोडरबर शोधायला पर्स उघडली. तेव्हा शिवानीने हेही सांगितलं, की परीक्षेत बॉलपेनच लागतं आणि बॉलपेनचं खोडता येत नाही.

"म्हणजे चुकायची सोयच नाही म्हणा," बाई म्हणाल्या. "आणि आपण पोरांना सांगतो, चुका, चुकलात तरच शिकाल."

शाळा महापालिकेची, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीतली. खिडक्या उघड्या ठेवल्या तर यंत्रमागांचा खडखडाट आत येतो आणि बंद ठेवल्या तर जीव उकडून निघतो, त्यामुळे इथल्या शिक्षकांचे आवाज मुळातच चढे. दाक्षायणी बाईंचा सगळ्यांत चढा. नोकरीला लागल्यापासून त्यांनी पहिलीच शिकवली. पहिलीचा वर्ग म्हटलं की बाकीचे शिक्षक अंगावर पाल पडल्यासारखे दचकतात, आणि बाई दर जूनमध्ये तो आपणहून मागून घेतात. पहिलीत येणारं कुणी घरात कानडी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी दखनी. मराठी शाळेतली मराठी आधी फक्त भिंतीवर असते. बाईंना या सगळ्या भाषा थोड्या थोड्या येतात. निदान 'शू लागली का', 'कुणी मारलं' आणि 'घाबरू नको' एवढं तरी येतंच, आणि पहिलीचा निम्मा अभ्यासक्रम तेवढाच असतो असं त्यांचं म्हणणं होतं.

अशात दिल्लीहून कोर्टाचा निकाल आला. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आता जुन्या शिक्षकांनीही द्यायची. निवृत्तीला पाच वर्षं किंवा त्याहून कमी उरली असतील त्यांना सूट, बाकीच्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. बाईंची सूट थोडक्यात हुकली. लवकर जन्मल्या असत्या तर वाचल्या असत्या.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी चहा गार झाला. गुरुशांत सर संघटनेचे माणूस, बोलायला उठले की टेबलावर मूठ आपटल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. "तीस वर्षं पेशंट तपासलेल्या डॉक्टरला कुणी विचारतंय का, की बाबा तुला नाडी बघता येते का? मग आमालाच का? एकानंही फॉर्म भरायचा न्हाय. मोर्चा काढू. बघू कोण काढतंय घरी!"

"सर, मी ती परीक्षा देऊनच आलेय," शिवानी कोपऱ्यातून म्हणाली. ती दुसरीला शिकवायची, शाळेत नवीनच लागलेली. "पास झाल्यावरसुद्धा कित्येक वर्षं सात रस्ता चौकातल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत होते मी. माझ्या बरोबरीच्या मुली अजून घालतायत. त्यांनी पास व्हायचं आणि घरी बसायचं, तुम्ही परीक्षा नाही द्यायची आणि वर्गात बसायचं. त्यांनी कुणावर मोर्चा काढायचा?"

सरांची मूठ टेबलावर पोहोचलीच नाही.

बाईंना दोघांचंही पटलं, हीच तर त्यांची अडचण होती. इतकी वर्षं झाल्यावर 'तुम्हाला शिकवता येतं का' असं विचारणं त्यांना जिव्हारी लागलं होतं. पण पलीकडच्या वर्गात पूर्वी एक गुरुजी होते, ते पोरांना पाढे म्हणायला लावून स्वतः डुलक्या काढायचे. आपल्या नातीला त्यांच्या वर्गात घातलं असतं का? नसतं घातलं. मग वस्तीतल्या कुणाच्या नातीला का घालायचं? बाई मोर्च्यात घोषणा देत चालल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी गुपचूप फॉर्मही भरला. दोन दगडांवर पाय म्हणा हवं तर. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग शाळा सुटल्यावर शिवानी त्यांची शिकवणी घेऊ लागली. पहिलीच्याच वर्गात, पहिलीच्याच बुटक्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन दोघी बसायच्या. गणित बाईंना बरं जमायचं, मराठी तर जमायचंच, इंग्रजीचं देवावर सोडलं होतं. सगळ्यांत वाईट अवस्था व्हायची ती बालमानसशास्त्रात.

"'वर्गात एक मूल सतत गप्प बसते. शिक्षकाने काय करावे?'" शिवानी वाचायची.

"कोणतं मूल?"

"बाई!"

"अगं, आपला अल्तमश गप्प असला तर त्याच्या खिशात कायतरी हाय. आधी खिसा बघावा. झीनत गप्प असली तर तिला ताप भरलाय, कपाळ बघावं. दोघांना एकच उत्तर कसं चालेल?"

"बाई, हे पेपरातलं मूल आहे. त्याला नाव नसतं, कपाळ नसतं, खिसासुद्धा नसतो. त्याला चार पर्याय असतात."

"बिचारं," बाई म्हणायच्या.

शेवटी शिवानीने युक्ती सांगितली. "भेदरलेलं, घाबरलेलं, गोंधळलेलं मूल आलं, की 'जवळ जाऊन धीर द्यावा' असा पर्याय शोधायचा आणि डोळे झाकून रंगवायचा. विचार करायचा नाही." गोळ्यांचंही तिने जमवून आणलं. "पोरांना आंबा रंगवायला शिकवता ना? तसंच. कडेकडेनं आत, रेघेबाहेर जायचं नाही." त्या दिवसापासून बाईंचे गोळे असे सुबक येऊ लागले, की शिवानीलाच हेवा वाटावा.

हसत हसत चाललं होतं सगळं, पण बाईंच्या पोटात भीती होती. घरी भाकरी थापताना मध्येच त्यांचा हात थांबायचा. आपण नापास झालो तर जूनमध्ये पहिलीचं दार कोण उघडणार, आणि त्या वेळी आपण कुठे असणार? घरात ओट्यापाशी? बाई म्हणून हाक मारणारं कुणी नसेल तर आपण नेमक्या कोण, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

परीक्षेचं केंद्र सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात आलं. फाटकावर घड्याळ काढून घेतलं, पर्स बाहेर ठेवायला लावली, अंगठा घेतला, फोटो घेतला. रांगेत पुढे कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली पोरं आणि मध्येमध्ये केस पिकलेली माणसं, जत्रेत चुकल्यासारखी इकडेतिकडे बघणारी. बाईंची जागा मधल्या ओळीत होती. पुढच्या बाकावर एक लांब वेणीची मुलगी, भिंतीवर कॅमेरा, आणि दाराशी एक तरुण पर्यवेक्षक, परगावाहून आलेला, सूचना मोठ्याने वाचणारा.

पेपर हाती आला आणि आश्चर्य म्हणजे बाईंना तो येऊ लागला. मानसशास्त्राच्या मुलांना त्यांनी नावं विचारली नाहीत, मराठी चटचट आवरलं, गणितात शिरल्या. आंबे रंगवल्यासारखे गोळे रंगत चालले. होतंय की, त्या मनात म्हणाल्या, होतंय आपल्याकडून. एका हिशोबापाशी अडल्या म्हणून त्यांनी मान वर केली.

पुढच्या मुलीने वेणीचं टोक तोंडात घातलं होतं.

तिचे खांदे वरखाली होत होते. पेन हातात होतं, पण ते कागदावर टेकत नव्हतं. बाईंनी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता, तरी ओळखलं. वेणीचं टोक असं तोंडात घालून असे खांदे उडवणारी मुलगी त्यांच्या वर्गात एकच होऊन गेली होती. काव्या बिराजदार, टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या सिद्धेश्वरची. पहिलीत कित्येक दिवस ती अक्षर बोलली नव्हती. काही विचारलं की वेणी तोंडात जायची आणि थरथर सुरू. हेडमास्तर म्हणाले होते, मंद आहे, सोडून द्या. बाईंनी सोडलं नाही. असंच एकदा पाटीवर वाकलेल्या पोरीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, त्यांनी तळवा ठेवला आणि तिच्या घरच्या कानडीत म्हणाल्या, "अंजब्याड." घाबरू नको. आणि पोरीने आख्खी बाराखडी लिहून दाखवली होती. सगळी येत होती तिला. पुढे वर्षभर तोच उपाय चालला.

आता यावर विचार करायला हवा होता, हे खरं. पण आपल्या वर्गात असं मूल दिसल्यावर बाई आजवर कधी बसून राहिल्या नव्हत्या, आणि पायांना कोर्टाचा निकाल माहीत नव्हता. त्या उठल्या, पुढे झाल्या, पोरीच्या पाठीवर तळवा ठेवला.

"अंजब्याड, काव्या."

मुलीने दचकून मागे पाहिलं. "बाई?"

तोवर पर्यवेक्षक धावत आला होता. "ओ मॅडम! काय सांगितलंत तिला? कुठला प्रश्न?"

"प्रश्न नाही हो. अंजब्याड म्हटलं."

"अंजब्याड म्हणजे? ए की बी?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पर्यवेक्षक आणखी चिडला. त्याचंही चूक नव्हतं. त्याच्या डोक्यावर कॅमेरा होता, आणि एक परीक्षार्थी जागेवरून उठून दुसरीच्या कानात न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलली होती. त्याने केंद्रप्रमुखांना बोलावलं.

केंद्रप्रमुख महेश्वर सर अक्कलकोटकडचे, घरी कानडीच बोलणारे. बाईंना व्हरांड्यात घेऊन त्यांनी सगळं ऐकलं, आणि 'अंजब्याड' ऐकल्यावर क्षणभर त्यांचा चेहरा सैल पडला. मग त्यांनी पुन्हा तो घट्ट केला.

"बाई, मला कळलं तुम्ही काय म्हणालात. पण कॅमेऱ्याला ऐकू येत न्हाय, त्याला फक्त दिसतंय. आता दोनच वाटा हायत. तुमी आत जाऊन बसलात, तर मला हे गैरप्रकार म्हणून लिहावं लागंल, आणि दोघींचे पेपर चौकशीला जातील. न्हायतर तुमाला बरं वाटंना म्हणून तुमी मदत मागायला उठलात, आणि आता घरी निघालात. मग एकच पेपर बुडतो. तुमचा."

"चौकशीत खरं निघेलच की."

"निघंल. कवा, ते मला सांगता येत न्हाय."

दारातून आतलं दिसत होतं. काव्याचा पेपर पर्यवेक्षकाच्या हातात होता आणि ती उभी होती, वेणी मुठीत आवळून. बाईंचे सुबक गोळे बाकावर पडले होते, निम्मे भरलेले. इतकं चांगलं जमत होतं! त्यांनी पुन्हा एकदा पोरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी तब्येत बरी नाही, सर. कुठे सही करू? आणि तिचा पेपर आधी तिला द्या, वेळ चाललाय पोरीचा."

बाहेर लिंबाच्या झाडाखाली परीक्षार्थींच्या पिशव्यांचा ढीग होता. त्यातून आपली पर्स शोधताना बाईंना रडू कोसळलं. रागही आला. कोर्टाचा आला, कॅमेऱ्याचा आला, स्वतःच्या पायांचा आला, आणि खोटं कशाला बोला, काव्याचाही आला. इतकी मोठी घोडी झाली, अजून वेणी चघळते! पेपर सुटायच्या आत त्यांनी रिक्षा पकडली. त्या पोरीने पाया पडलेलं त्यांना त्या दिवशी सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गुरुशांत सर पेटून उठले. "हे पेपरात छापून आणतो. बाई, तुमी नुसतं हो म्हणा. माणुसकीला शिक्षा! सगळ्या राज्यात गाजवतो."

"आणि पोरीचं नाव?"

"ते येणारच की."

"मग नको," बाई म्हणाल्या, आणि पहिलीच्या वर्गाकडे निघून गेल्या.

शिवानी दिवसभर त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. बाईंना वाटलं, रागावली. एवढी मेहनत घेतली तिने, रागावणारच. पण शाळा सुटल्यावर ती आली, बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसली आणि सरावाची नवी पत्रिका तिने पुढे सरकवली. तिचे डोळे लाल होते.

"तुमचं उत्तर बरोबर होतं, बाई," ती म्हणाली. "जागा चुकली."

निकाल लागला तेव्हा काव्या शाळेत आली. पास झाली होती. पेढे आणले होते. आधी बाईंना, मग शिवानीला, मग पहिलीच्या सगळ्या पोरांना वाटले आणि मग दाराशी उभी राहून रडली. "बाई, तुमी उठून गेलात तवाच मी पण उठणार होते."

"उठली असतीस तर दोन थोबाडीत दिल्या असत्या," बाई म्हणाल्या. "रड आता आवर. पोरं बघतायत. यांना वाटेल पास झाल्यावर रडायचं असतं."

"तुमची पुन्हा कधी हाय?"

"असेल तेव्हा बघू," बाई म्हणाल्या. पण तारीख शिवानीने सांगून टाकली.

त्या तारखेपर्यंत बाईंची भीती दामदुप्पट झाली. मुदत संपत आली होती. या खेपेला गेलं तर पुढची खेप मिळेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या सकाळी त्या केंद्राच्या फाटकाशी पोहोचल्या, तर रांगेत पुढे टोपी डोळ्यांवर ओढून गुरुशांत सर उभे. नजरानजर झाली. सर घसा खाकरत म्हणाले, "मोर्चा आपल्या जागी, बाई. पेपर आपल्या जागी." एरवी बाईंनी त्यांची महिनाभर टिंगल केली असती. आज त्यांना हसूसुद्धा फुटलं नाही. पाठ केलेलं सगळं भाकरीच्या पिठासारखं एक झालं होतं. रांग पुढे सरकली आणि बाई जागच्या हलल्या नाहीत. मागची माणसं बाजूने जाऊ लागली. इथूनच परत फिरावं, असं त्यांच्या मनात आलं. सात रस्त्याला रिक्षा लगेच मिळाली असती.

तेव्हा पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, कुणाचा तरी तळवा टेकला.

"अंजब्याड्री, बाई." घाबरू नका.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि आत अंगठा घेतात, फोटो घेतात. तळवा तसाच राहिला, पहिलीत त्यांनी जितका वेळ ठेवला असता तितका वेळ. मग बाईंनी पदर खोचला आणि फाटकातून आत गेल्या.

मानसशास्त्राच्या भागात तिसऱ्या पानावर तो प्रश्न होताच. परीक्षेच्या भीतीने एक मूल गोंधळले आहे, शिक्षकाने काय करावे. खाली चार पर्याय.

कोणतं मूल, बाईंच्या मनात सवयीने आलं. आणि पेपरातल्या मुलाचं नाव त्यांना पहिल्यांदाच कळलं. पाठीवरची ती जागा अजून गरम होती. त्यांनी पेन टेकवलं आणि तिसरा गोळा रंगवायला घेतला, कडेकडेनं आत, रेघेबाहेर न जाता.